रस्त्यावरचं दव

एक कोडं घालते. बघा, सुटतंय का!

दिवसा सगळ्यांना दिसते, पण तिच्याकडे कुणी बघत नाही. रात्री तिला दिवा दाखवला की लखकन चमकते. दिवा विझला की तीही गुडूप. सांगा, ती कोण?

आमच्या सातवीच्या वर्गात हे कोडं घातलं, तेव्हा एकजण म्हणाला, "काजवा!" पण काजव्याला कुणी दिवा दाखवावा लागत नाही. त्याचा दिवा त्याच्याजवळच असतो. दुसरी म्हणाली, "मांजर!" तिचं उत्तर बरंच जवळ आलं होतं. ते कसं, ते पुढे सांगतेच. उत्तर आहे, डांबरी रस्त्यावरची पांढरी रेघ.

उत्तर ऐकल्यावर मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मॅडम, त्या रेघेत बल्ब बसवलेले असतात का?"

प्रश्न अगदी रास्त होता. आमचा भागच तसा आहे. इटियाडोह हे नाव तुमच्यापैकी काहींनी भूगोलाच्या पुस्तकात वाचलं असेल. गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावाजवळ गाढवी नदीवर हे धरण आहे. १९७० साली ते पूर्ण झालं. तेव्हा हा सगळा मुलूख भंडारा जिल्ह्यात होता. गोंदिया जिल्हा वेगळा झाला तो १ मे १९९९ रोजी. धरणाच्या कालव्यांवर धान पिकतो आणि आजूबाजूला दाट जंगल आहे. दोन गावांच्या मधे मैलोन्‌मैल दिव्याचा खांब नाही. अमावास्येच्या रात्री इकडे स्वतःचा हातसुद्धा दिसत नाही, असं म्हटलं तरी चालेल. अशा काळोखात मोटारसायकलचा दिवा पडताच रस्त्याच्या दोन्ही कडा पांढऱ्याशुभ्र उजळतात. मग रेघेत बल्ब आहेत, असं वाटलं तर नवल काय?

पण त्या रेघेत ना बल्ब असतो ना तार. असतात ते काचेचे मणी. तेही हजारो, लाखो!

रेघ मारणारी माणसं आमच्या रस्त्यावर आली होती, तेव्हा मी मुद्दाम थांबून ते काम पाहिलं. एका मोठ्या टाकीत खाली गॅस पेटवून रंग वितळवत होते. हा भिंतीला देतात तसला पातळ रंग नव्हे. ही भुकटी असते, आणि ती सुमारे १८० ते २०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवली की घट्ट काकवीसारखी होते. याला थर्मोप्लास्टिक रंग म्हणतात. हा रंग हातगाडीसारख्या यंत्रात ओततात आणि यंत्र ढकलत पुढे नेतात. मागे सरळ, जाड रेघ उमटत जाते. जाडी साधारण अडीच मिलिमीटर. रेघ अजून गरम आणि मऊ असतानाच यंत्राच्या मागच्या पेटीतून तिच्यावर बारीक पांढरं काहीतरी भुरभुरत पडतं. लाडवावर खसखस भुरभुरावी, तसं.

तिथल्या एका कामगारदादांनी चिमूटभर माझ्या हातावर ठेवलं. बघायला अगदी रवा! पण रवा बोटांना चिकटतो आणि खरखरीत लागतो. हे मणी बोटांमधून पाण्यासारखे निसटले. बहुतेक मणी एक मिलिमीटरहूनही लहान, आणि प्रत्येक मणी गोल. दादा म्हणाले, "पाय जपून ठेवा मॅडम, सांडलेत तिथं घसराल." खरंच होतं ते. मोहरी सांडलेल्या फरशीवर चालून बघितलंय कधी? तसंच.

हे एवढाले मणी गोल करतात तरी कसे? कुणी एकेक घासत बसत नाही. फुटक्या खिडक्यांची वगैरे काच दळून तिची भुकटी करतात आणि ती भट्टीच्या ज्वाळेतून उडवतात. तिथे प्रत्येक कण क्षणभर वितळतो. वितळलेला थेंब आपोआप गोल होतो, जसा पानावरचा पाण्याचा थेंब गोल होतो. खाली पडेपर्यंत तो निवतो आणि गोलच राहतो. म्हणजे आज तुमच्या रस्त्यावर चमकणारा मणी काल कुणाच्या तरी घराची फुटकी तावदानाची काच असू शकतो!

आता थोडं गणित. आपल्याकडच्या रस्त्यांच्या नियमांत एक चौरस मीटर रेघेवर साधारण २५० ग्रॅम, म्हणजे पाव किलो मणी भुरभुरावेत असं सांगितलेलं आहे. रेघ १० सेंटिमीटर रुंद धरली, तर एक चौरस मीटर म्हणजे १० मीटर लांब रेघ झाली. मग एक किलोमीटर रेघेला किती मणी लागतील? करा बघू! उत्तर येतं २५ किलो. तांदळाचा अख्खा कट्टा! शिवाय थोडेथोडके नव्हे, वजनाने जवळजवळ तिसरा हिस्सा मणी रंगाच्या भुकटीत आधीच मिसळलेले असतात. ते आत कशाला? तर वरचे मणी ट्रकच्या, ट्रॅक्टरच्या चाकांनी घासून निघून जातात. रंगही थोडाथोडा झिजतो. रंग झिजला की आतले मणी वर डोकावतात. जुने गेले की नवे हजर. आहे की नाही युक्ती?

पण काचेचा साधा मणी असं काय करतो, की अंधारात रेघ पेटल्यासारखी दिसावी?

याचं उत्तर मला पुस्तकाआधी धानाच्या बांधीत सापडलं. तुम्हीही शोधू शकता. दिवाळीच्या सुमाराला पहाटे दव पडतं. सूर्य नुकताच उगवलेला असताना त्याच्याकडे पाठ करून बांधावर उभे राहा. तुमची लांबच लांब सावली धानावर पडेल. आता सावलीच्या डोक्याकडे नीट बघा. डोक्याभोवती पांढरी प्रभा दिसेल, देवाच्या तसबिरीत असते तशी! शेजारी मित्राला उभं करा आणि त्याला विचारा. तो म्हणेल, "छे, प्रभा तर माझ्या डोक्याभोवती आहे, तुझ्या कुठे?" भांडू नका. दोघांचंही खरं आहे.

सोळाव्या शतकात इटलीत बेन्वेनुतो चेल्लिनी नावाचा एक सोनार आणि शिल्पकार होऊन गेला. त्यालाही सकाळच्या दवात आपल्या सावलीच्या डोक्याभोवती अशी प्रभा दिसली. झालं! स्वारीला वाटलं, देवाची आपल्यावर खास कृपा आहे, आणि आपल्या आत्मचरित्रात त्याने तसं लिहूनही ठेवलं. बांधावर त्याच्याशेजारी आपल्याकडची एखादी रोवणीवाली बाई उभी असती, तर तिलाही स्वतःच्या डोक्याभोवती तेवढीच प्रभा दिसली असती, हे त्याच्या ध्यानात आलं नाही.

काय होतं ते सांगते. प्रकाश भिंतीवर पडला तर चहूकडे विखुरतो. तो सगळ्यांना थोडाथोडा मिळतो, पुरेसा कुणालाच नाही. प्रकाश आरशावर तिरपा पडला तर तो दुसऱ्याच दिशेला निघून जातो. गोल थेंबाचं मात्र तिसरंच. थेंब हे एक छोटं भिंग असतं. आत शिरलेला प्रकाश तो आपल्या मागे पानावर एका ठिपक्यात गोळा करतो. तो ठिपका उजळतो, आणि त्याचा प्रकाश पुन्हा त्याच थेंबातून बाहेर पडताना आल्या वाटेने माघारी जातो. सूर्य तुमच्या पाठीशी असतो, म्हणून माघारी निघालेला प्रकाश सूर्याच्या दिशेने, म्हणजे तुमच्या डोळ्यांकडे येतो. मित्राच्या डोळ्यांकडे जातो तो त्याच्या सावलीच्या डोक्याभोवतीच्या थेंबांचा.

रस्त्यावरचा मणी म्हणजे काचेचं दव समजा. पानाच्या जागी रंग. गाडीच्या दिव्याचा प्रकाश मण्यात शिरतो, मागच्या पांढऱ्या रंगावर गोळा होतो आणि मण्यातूनच गाडीकडे परत फिरतो. चालवणाऱ्याचे डोळे दिव्याच्या थोडेसेच वर असतात. परतणारा प्रकाश अगदी सुईसारखा सरळ येत नाही, किंचित पसरत येतो, म्हणूनच तो डोळ्यांपर्यंत पोहोचतो. मण्याला स्वतःचा रंग नसतो. पांढऱ्या रंगात बसवला की रेघ पांढरी चमकते, पिवळ्यात बसवला की पिवळी.

मणी किती खोल बसावा, यालाही महत्त्व आहे. पुरता बुडाला तर प्रकाश आत शिरणार कुठून? नुसता वर टेकला तर पहिल्याच चाकाला उडून जाईल. निम्म्याहून जरासा जास्त आत आणि बाकीचा वर, हे बरोबर. म्हणून तर रंग मऊ असताना, नेमक्या वेळी मणी टाकावे लागतात. हे काम करणाऱ्यांच्या हाताला ती वेळ कळते.

आता मांजराकडे येऊ. मांजर, बिबट्या, चितळ, गाय, बैल यांच्या डोळ्यांत मागच्या बाजूला एक चकचकीत पडदा असतो. एकदा डोळ्यातून गेलेला प्रकाश तो पुन्हा मागे फिरवतो. त्यामुळे अंधुक उजेडातही त्यांना बरं दिसतं, आणि आपल्या बॅटरीच्या झोतात त्यांचे डोळे चमकतात. इंग्लंडमधल्या पर्सी शॉ नावाच्या माणसाने १९३४ साली रस्त्यात बसवायच्या चमकत्या काचेच्या गोट्यांचं पेटंट घेतलं, त्यांचं नावच मुळी 'मांजराचे डोळे' पडलं. आमच्याकडे नवेगावच्या जंगलातून रात्री जाताना रस्त्यावर दोन लाल निखारे दिसतात आणि गाडी जवळ येताच भुर्रकन उडतात. तो रातवा पक्षी. पण ध्यानात ठेवा, रानडुकराच्या डोळ्यात असा पडदा नसतो. माणसाच्याही नसतो. म्हणजे अंधारात चितळ दोन ठिपक्यांनी तरी कळतं, पण काळे कपडे घालून चालणारा माणूस कळत नाही.

मुलांनो, इथपर्यंत गंमत होती. आता जे सांगते ते नीट ऐका.

आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते आणि रात्रभर नाटकं चालतात. वडसा, अर्जुनी, कुरखेडा, कुठून कुठून माणसं येतात. त्याच दिवसांत धानाची कापणी आणि मळणी असते. धानाची पोती भरलेले ट्रॅक्टर आणि तणसाने लादलेल्या बैलबंड्या उशिरापर्यंत रस्त्यावर असतात.

माझ्या वर्गातल्या एका मुलाचा मोठा भाऊ अशाच एका रात्री नाटक पाहून मोटारसायकलने परत येत होता. रस्ता नवा, कडेची रेघ स्वच्छ, छान चमकणारी. वेगही फार नव्हता. वळणावर धानाची ट्रॉली बिघडून उभी होती. तिला मागे ना दिवा, ना चमकती पट्टी. नेमकी त्याच वेळी समोरून एक गाडी आली, तिच्या झोताने डोळे दिपले. रेघ त्याला दिसत होती. ट्रॉली दिसली नाही. पाय दोन ठिकाणी मोडला. तीन महिने खाटेवर गेले आणि कॉलेजचं एक वर्ष वाया गेलं. ट्रॉलीवाले काका काही वाईट माणूस नव्हेत. त्या रात्री त्यांनीच त्याला उचलून दवाखान्यात नेलं, आणि पुढे कितीतरी दिवस ते त्याच्या घरी जाऊन बसत.

तेव्हापासून मी वर्गात हे पुन्हा पुन्हा सांगते. रेघ रस्ता कुठे आहे ते दाखवते. रस्त्यावर कोण आहे ते ती दाखवत नाही. ते ज्याचं त्याने दाखवायचं.

आणि रेघेवर सदासर्वकाळ विसंबूनही चालत नाही. पाऊस आला की रस्त्यावर पाण्याचा पातळ थर साचतो आणि मणी त्याखाली बुडतात. दिव्याचा प्रकाश पाण्यावरून आरशासारखा पुढे निसटून जातो. पाण्यात बुडालेल्या काचेची प्रकाश वळवण्याची ताकदही कमी पडते. म्हणून ज्या रात्री रेघेची सगळ्यांत जास्त गरज, त्याच रात्री ती पुसल्यासारखी होते. काही ठिकाणी यासाठी मोठे मणी वापरतात. ते पाण्यातून थोडे वर डोकं काढतात.

रोवणीच्या दिवसांत ट्रॅक्टरच्या चाकांचा चिखल रेघेवर बसतो. चिखलाखाली मणी आंधळा. आणि धान वाळवायला डांबरी रस्त्यासारखी गरम जागा दुसरी नाही, म्हणून आपण तो रेघेवरच पसरतो, कडेला दगड मांडतो. संध्याकाळी धान घरी जातो, दगड कधीकधी तिथेच राहतात. घरी आईबाबांना, आजोबांना सांगा: दगड उचला आणि रेघ मोकळी ठेवा. मोठ्यांना सांगायला भिऊ नका. चांगली गोष्ट लहानाने सांगितली म्हणून काही लहान होत नाही.

आता 'रेडियम' विषयी. गाडीवर, दप्तरावर लावायच्या चमकत्या पट्टीला आपण सगळे रेडियम म्हणतो. 'रेडियमवाल्याकडून नंबर टाकून आणला' असंही म्हणतो. पण त्या पट्टीत रेडियम औषधालाही नसतं, बरं का! रेडियम हे मेरी आणि पिएर क्यूरी यांनी १८९८ साली शोधलेलं मूलद्रव्य. ते धोकादायक किरण सोडतं. पूर्वी घड्याळाचे काटे अंधारात दिसावेत म्हणून रेडियम मिसळलेला रंग लावत, आणि तो रंग लावणारे कामगार त्यापायी आजारी पडले. तो रंग रात्रभर आपणहून उजळत असे. आपली पट्टी आपणहून उजळत नाही. तिच्यातही बारीक काचमणी किंवा इवलेसे कोपरे असतात आणि ते आलेला प्रकाश परत पाठवतात. सायकलच्या मागचा लाल रिफ्लेक्टर निरखून बघा, आत कोपरेच कोपरे दिसतील. अशाच प्रकारचे, पण फार अचूक असे १०० काचेचे कोपरे १९६९ साली अपोलो ११ च्या अंतराळवीरांनी चंद्रावर ठेवले. पृथ्वीवरून सोडलेला लेसरचा झोत त्यांवरून परत येतो आणि त्यावरून चंद्राचं अंतर मोजतात. चंद्रावरची आणि तुमच्या सायकलवरची युक्ती एकच!

पोळ्याला आपण बैलांच्या शिंगांना बेगड लावतो. बेगड छान चकाकतं, पण ते आरशासारखं. रात्री गाडीचा प्रकाश ते भलतीकडेच फेकतं. आमच्या सातवीने ठरवलं, की तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल सजवून झाले की खऱ्या बंडीला आणि ट्रॉलीला मागून लाल पट्टी लावायची. पहिल्या वर्षी मोठी माणसं हसली. दुसऱ्या वर्षी त्यांनी स्वतःच हाक मारून विचारलं, "आमच्या बंडीला कधी लावता?" ट्रॉलीवाले काका सगळ्यांत आधी आले.

तुम्ही काय कराल? आधी हा प्रयोग करा, रस्त्यावर नाही, अंगणात. वीस पावलांवर सायकल उभी करा. बॅटरी कानाजवळ, डोळ्याच्या रेषेत धरा आणि रिफ्लेक्टरवर झोत टाका. मग हात लांब करून बॅटरी बाजूला न्या. चमक कमी झाली ना? आता बॅटरी परत कानाशी धरा आणि दोन हातांवर उभ्या असलेल्या मित्राला विचारा, त्याला किती चमक दिसते. दुसरा प्रयोग: काचेची पारदर्शक गोटी पांढऱ्या कागदावर ठेवून वरून बॅटरीच्या बाजूने बघा, मग पिवळ्या कागदावर ठेवा. गोटीतला ठिपका रंग बदलेल. फक्त गोटी उन्हात कागदावर ठेवून जाऊ नका. ती भिंग आहे, कागद पेटू शकतो.

प्रयोग झाला की घरात एक फेरी मारा. सायकलला मागे लाल रिफ्लेक्टर आहे का? असेल तर धूळ पुसा. दप्तराला चमकती पट्टी आहे का? बाबांच्या बंडीला, ट्रॉलीला, मोटारसायकलला? मागे लाल, पुढे पांढरी. आणि पहाटे शाळेला किंवा रात्री नाटकाला पायी निघालात, तर पांढरे कपडे घाला आणि हातात बॅटरी ठेवा.

येत्या हिवाळ्यात दवात आपल्या डोक्याभोवतीची प्रभाही बघायला विसरू नका. दिसली की धाकट्या भावंडांनाही दाखवा. त्यांना आपापलीच दिसेल, आणि त्याचं कारण तुम्हाला सांगता येईल.